सव्वा सेकंद

३ मार्च, सोमवार

टायमर! प्रत्येक स्लाइडवर टायमर!

प्राचार्यांनी सकाळी केबिनमध्ये बोलावलं. मला कुणीही केबिनमध्ये बोलावलं की आधी नोकरी गेल्यासारखंच वाटतं. पण काम वेगळंच निघालं. भूगोलाची एक कायमची जागा भरायची आहे. तेराला, गुरुवारी, निवड समिती बसणार. प्रत्येक उमेदवाराने समितीपुढे नमुना पाठ घ्यायचा – सहा स्लाइड, एका स्लाइडला एक मिनिट. कोपऱ्यात साठपासून उलटे आकडे पळणार आणि शून्य आलं की स्लाइड आपोआप पुढे! "मागच्या वेळी एक गृहस्थ बोलायला उभे राहिले ते बसेचनात," प्राचार्य म्हणाले. "या वेळी वाईटपणा मशीनलाच घेऊ दे." कॉलेजातले स्लाइड, प्रोजेक्टर, माइक, सगळं माझ्या ताब्यात. तेव्हा दहाही उमेदवारांच्या फाइलींत टायमर मीच घालायचे.

हो म्हणून बाहेर आलो. जिन्यात डोक्यात उजेड पडला – दहांतली एक उमेदवार ही आहे!

माझी बायको नऊ वर्षं याच कॉलेजात भूगोल शिकवते, पण तासांवर. वर्ष संपलं की नमस्कार, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. यंदा वयाची मर्यादा संपते. ही जागा गेली की पुढे अर्जसुद्धा करता येणार नाही. आणि ही बोलताना अडखळते. लहानपणापासून. 'प' आला, 'क' आला की शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. मी जवळ असतो म्हणून निभावतं, मी पटकन शब्द पुरवतो. दुकानात, फोनवर, पाहुण्यांत – माझ्याइतक्या लवकर हिचा शब्द कुणालाच ओळखता येत नाही. समितीपुढे कोण पुरवणार? आणि वर तो आकडा पळत असणार!

घरी अजून बोललो नाही.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर टायमर. साठ बारक्या चौकटी करायच्या, प्रत्येकीत एक आकडा, सगळ्या एकावर एक रचायच्या. मग प्रत्येकीला सांगायचं – आधीची गेली की तू एक सेकंद थांब आणि नाहीशी हो. विलंबाच्या रकान्यात ०१.०० भरायचं. ऐकायला सोपं! पहिल्या खेपेला मी गठ्ठाच उलटा रचला. सुरू केलं तर शून्य, एक, दोन, तीन... वाढतच चाललं. प्रयोगशाळेतला लंबू चहा घेऊन आला होता. हसून त्याचा कप हिंदकळला. "धसकेराव, हा टायमर लावलात तर उमेदवार थेट निवृत्त होऊनच बसेल खाली."

हे धसकेराव नाव त्यानेच ठेवलंय. आता शिपाईसुद्धा तेच म्हणतात.

दुपारनंतर जमलं. भिंतीवरच्या घड्याळाशी लावून पाहिलं, काटा आणि आकडा बरोबरीने चालले. पाच वेळा पाहिलं. सहाव्यांदा स्वतः काहीतरी बोलून पाहिलं – नाव, गाव, शिक्षण, कामाचा अनुभव. अनुभवापर्यंत पोचतो तोच आकडा दहाच्या खाली! एक मिनिट म्हणजे काहीच नाही. कुणीतरी उगाच इतकं नाव करून ठेवलंय त्याचं.

५ मार्च, बुधवार

सांगितलं एकदाचं. जेवताना.

आई म्हणाली, "उलटे आकडे? मला ऐकूनच उलटी येईल." ही खळखळून हसली. मला हसू येईना. आई माझ्याकडे वळली, "आणि तू असं तोंड का केलंयस? परीक्षा तिची ना?"

विषय कुठला घेणार म्हणून विचारलं. ही म्हणाली, नकाशाचं प... प... मी म्हणालो, प्रमाण. "हो," ही म्हणाली, "तेच." आणि भाजी वाढायला उठली.

प्रमाण! अख्ख्या भूगोलात हिला हाच शब्द मिळाला! मी म्हटलं, अगं, हवामान घे, नद्या घे, डोंगर घे. 'प'ने सुरू होणारा विषय कशाला? तर म्हणते – पर्वत, पाऊस, पठार, पृथ्वी. भूगोलातून 'प' काढला तर उरतं काय? चारही शब्दांवर अडली. म्हणजे अडलीच असती, मी आधीच सांगून टाकले म्हणून बरं.

टायमरची मात्र हिला धास्तीच नाही! उलट बरं झालं म्हणे. बोलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हिला एक युक्ती शिकवली आहे. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत जायचा, एका सेकंदाला एक पेर, आणि त्या तालावर बोलायचं. ताल धरून ठेवला तर अडकलेला शब्द मोकळा होतो. "आकडा म्हणजे माझं पेरच की," ही म्हणाली, "समोर भिंतीवर दिसेल, इतकंच."

हिला काही कळतंय का काय होणार आहे ते?

७ मार्च, शुक्रवार

पेन ड्राइव्हचा पाऊस. एकाला टायमर लाल नको, जांभळा हवा. एक बाई म्हणाल्या, शून्याच्या जागी 'धन्यवाद' येईल का? एकाचा टायमर नेमका त्याच्याच फोटोच्या नाकावर बसला, तो हलवून दिला. एक जाडजूड गृहस्थ दार ओढून घेऊन कानाशी आले. "साठऐवजी सत्तरपासून सुरू केलं तर कुणाच्या लक्षात येईल?"

मी ताडकन म्हणालो, "नियम म्हणजे नियम!" त्यांचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं. लंबूलाही सांगितलं.

९ मार्च, रविवार

घरात तालीम. स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप. आई म्हणजे समिती. तिने चष्मा पुसून घातला आणि "सुरू करा बाई" असं इतक्या जोरात म्हणाली की मीच दचकलो.

पहिली स्लाइड. "नकाशाचं प..." मी गप्प बसलो होतो, अगदी ठरवून! पण ओठ हलले असावेत. हिने माझ्याकडे पाहिलं आणि अंगठा पेरावरून सुटला. पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी शब्द पुरवला. हिने लॅपटॉप थांबवला, श्वास घेतला आणि म्हणाली, "तुम्ही जरा गॅलरीतले कपडे काढता का?"

कपडे ओलेच होते. तरी काढले.

दाराच्या फटीतून बघत होतो. दुसऱ्या स्लाइडला वाक्य संपायच्या आत स्लाइड पळाली! चार-पाच शब्द राहिले. फक्त चार-पाच! ही पुढे बोलत राहिली, पण ते राहिलेले शब्द माझ्या छातीत अडकून बसले. नंतर आईला विचारलं, कसं झालं? "झकास. मला सगळं समजलं. एका बोटाएवढा रस्ता खरा किती लांब असतो, ते आत्ता कळलं या वयात." आईला एका कानाने ऐकू कमी येतं. तिचं काय धरायचं!

चार-पाच शब्द. जागा जाईल तर तेवढ्यावरून जाईल.

१० मार्च, सोमवार

ही सकाळी चपला घालता घालता म्हणाली, "त्या दिवशी हॉलमध्ये मशीनवर लंबूभाऊंना बसवता येईल का?"

मी म्हटलं का? तर म्हणे, सहज. तुम्हालाच त्रास नको.

माझ्या रक्तदाबाची काळजी! स्वतःचं काय होणार त्याचा पत्ता नाही आणि माझी काळजी. डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, वेडी आहेस का, अशा वेळी मी नाही तर कोण? मी समोरच बसणार, तुला दिसेन असा. ही पिशवी घेऊन गेली.

११ मार्च, मंगळवार

केलं.

लिहू की नको? इथे नाही लिहायचं तर कुठे.

दुपारी सगळ्या फाइली शेवटच्या तपासत होतो. नऊ झाल्या. दहावी हिची. ती उघडली, साठही चौकटी निवडल्या. विलंब ०१.००. डोळ्यांपुढे ती पळालेली स्लाइड. आणि माझ्याच हाताने पुढच्या दोन शून्यांच्या जागी पंचवीस टाकले. ०१.२५. बस. एका रकान्यात एक आकडा बदलला, साठांनी निमूट ऐकलं. मग तेच पुढच्या पाचही स्लाइडवर.

आकडे साठच. साठपासूनच सुरू, शून्यालाच शेवट. कोपऱ्यात काही वेगळं दिसत नाही. फक्त सेकंद जरा अंगाने भरला आहे. सव्वा! मिनिटामागे पंधरा सेकंद हिच्या पदरात. चार-पाच शब्दच काय, अख्खं वाक्य बसेल. आणि हिच्या पेरांचा ताल? तो आकड्यावर धरणार ना – आकडा संथ तर ही संथ. संथ बोललं तर कमी अडेल. सगळ्या बाजूंनी भलंच आहे.

मग हे लंबूला का सांगितलं नाही?

त्या सत्तरवाल्या गृहस्थांची आठवण येतेय सारखी. त्यांनी निदान विचारलं तरी होतं.

दोनदा ०१.०० केलं. दोनदा परत ०१.२५. लंबू आत आला तेव्हा मी खिडकी बंद करायच्या नादात कॉम्प्युटरच बंद केला. "काय राव, चोरी पकडल्यासारखे का उडताय?" म्हणाला. तो बिचारा स्क्रू ड्रायव्हर मागायला आला होता.

१२ मार्च, बुधवार

उद्या. मला घास उतरला नाही. हिने दोनदा वाढून घेतलं.

१३ मार्च, गुरुवार

देवा.

नीट क्रमाने लिहितो.

हॉल. समितीचे पाच जण – प्राचार्य, तिघे संस्थेचे आणि बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई. त्या बारीक अंगाच्या, केस अगदी आखूड कापलेले, मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ. ते घड्याळ पाहिलं आणि मी प्रोजेक्टरची वायर उगाच दोनदा काढून लावली. मी मशीनपाशी, बाजूला, हिला दिसेन असा. पहिले सहा उमेदवार पार पडले. जांभळ्या टायमरवाला शेवटच्या स्लाइडला शून्याच्या आधीच संपवून घाम पुसत बसला. सत्तरवाल्या गृहस्थांची तिसरी स्लाइड वाक्याच्या मध्येच पळाली, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं! मी केबलकडे पाहिलं.

सातवी ही.

निळी साडी. उजवा हात पाठीमागे, अंगठा पेरावर. मी बटण दाबलं. साठ.

पहिली दोन वाक्यं नीट गेली. मग मला हिचा अंगठा दिसला – मी बाजूला होतो म्हणून दिसला. अंगठा पुढे आणि आकडा मागे! हिचा सेकंद संपला की भिंतीवरचा अजून रेंगाळतोय. हिने अंगठा आवरला, आकड्यासाठी थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा पुढे गेली. नऊ वर्षांची सवय त्या पेरांत – ती थोडीच माझ्या सव्वाला जुमानणार? ताल गेला. "नकाशाचं प... प... प..." हिने माझ्याकडे पाहिलं. मी ओठ हलवले. 'प्रमाण, प्रमाण!' तर ही जास्तच अडली. दुसरी स्लाइड सगळी अशी गेली. समितीतले एक जण पेन खाली ठेवून खिडकीकडे बघू लागले. मी मनात म्हटलं, गेली. जागा गेली. मी घालवली!

तिसरी स्लाइड आली आणि ही बोलायचीच थांबली.

थांबली म्हणजे अडली नाही. तोंड मिटलं. भिंतीवरच्या आकड्याकडे बघत उभी. पाठीमागचा हात पुढे आणला, सगळ्यांसमोर अंगठा एकेका पेरावर टेकवत गेली. एक, दोन, तीन, चार, पाच. भिंतीवर चारच आकडे गेले. मग समितीकडे वळली.

"ट... टायमर चुकतोय," म्हणाली. "सेकंद म... मोठा आहे."

कुणाला कळेना. प्राचार्य म्हणाले, म्हणजे तुम्हाला वेळ कमी मिळतोय? ही म्हणाली, "नाही. ज... जास्त मिळतोय."

तज्ज्ञ बाईंनी घड्याळ मनगटावरून काढलंच! टेबलावर ठेवलं आणि भिंतीवरच्या आकड्याशी ताडून बघत राहिल्या. "बरोबर आहे यांचं," म्हणाल्या. "बराच मोठा आहे."

"बघा हो जरा," प्राचार्य मला म्हणाले.

बघा हो जरा! मी बघितलं. काय करणार? फाइल उघडली, चौकटींची यादी उघडली. प्रोजेक्टर चालूच! भिंतभर ती यादी उतरली – ०१.२५, ०१.२५, ०१.२५, वरपासून खालपर्यंत, एकेक अक्षर हाताएवढं. मला प्रोजेक्टर बंद करायचंसुद्धा सुचलं नाही. वीस वर्षं हेच काम करतोय! तज्ज्ञ बाई म्हणाल्या, आधीच्या उमेदवाराची उघडा. उघडली. ०१.००. दुसरी उघडा. ०१.००. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. या कॉलेजात कोण कुणाचा नवरा हे फाटकावरच्या माणसालाही ठाऊक आहे.

पाठ तिथेच थांबवला. हिने स्वतःची पिशवी उचलली. जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१४ मार्च, शुक्रवार

काल घरी आल्यापासून एक शब्द नाही. आज सकाळी चहा पुढ्यात ठेवला आणि समोर बसली.

"अहो, तुमचा सेकंद केवढा हो?"

मी म्हटलं, सव्वा.

"सव्वाच का? दीड करायचात. घरचंच तर काम." मग हसली, पण ते हसू नव्हतं. "मी प्रमाण शिकवायला उभी, आणि नवऱ्याने सेकंदाचंच प्रमाण बदललं!"

मी म्हटलं, तुझ्या भल्यासाठी गं. ही म्हणाली, तुम्हाला थोडी तरी श... श... मी म्हटलं, शरम?

"शांतता!" ओरडली. उभी राहिली. "माझा शब्द मला शोधू द्या म्हणत होते! तेवढीही नाही तुमच्याकडे! नऊ वर्षं वर्गात बोलतेय मी. एक मूल उठून गेलं नाही. आणि तुम्ही तिथे बाजूला बसून असं तोंड केलं होतंत, जसं काही मी विहिरीत पडतेय!"

आई आतून बाहेर आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही. आई म्हणाली, "काही नाही तर हा भिंतीला टेकून का उभा आहे?" आणि हिच्या पाठीवर हात ठेवून आत घेऊन गेली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. माझी आई!

खरंच माझं चुकलं. भल्यासाठी वगैरे काही नाही. मला भीती वाटत होती, आणि ती मला सहन होत नव्हती, म्हणून केलं. तिचं नाव घेऊन माझंच औषध केलं.

१५ मार्च, शनिवार

सत्तरवाले गृहस्थ फाटकात भेटले. काही बोलले नाहीत. नमस्कार मात्र केला, अगदी वाकून.

१७ मार्च, सोमवार

प्राचार्यांपुढे उभा. बसा म्हणाले नाहीत.

सगळं सांगितलं. मीच केलं, हिला माहीत नव्हतं. "हे खरं कशावरून?" मी म्हटलं, तिला माहीत असतं तर तिनेच कशाला सांगितलं असतं? प्राचार्य मग म्हणाले, तेच तर. दोघा उमेदवारांनी तक्रार केली आहे, यांना बादच करा म्हणून. समिती उद्या ठरवेल.

बाद! वयाची अट, नऊ वर्षं, सगळं माझ्या एका रकान्यापायी. मी हात जोडले. म्हटलं, मला काय करायचं ते करा. सामानाच्या खोलीत टाका, दुसरीकडे पाठवा, पण हिला एकदा बोलू द्या. प्राचार्य म्हणाले, "रडू नका हो." मी रडत होतो ते तेव्हा कळलं.

घरी हिला सांगायला गेलो – बाद करायचं चाललंय. ही कणीक मळत होती. "माहीत आहे," म्हणाली. मान वर न करता. मी तिथेच घुटमळलो. काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण मी आता काही बोलायला भितो. हाही नवाच प्रकार.

१८ मार्च, मंगळवार

लंबू धावत आला. सामानाच्या खोलीतच भेटला, आजपासून मी तिथेच आहे. बाद नाही!

तज्ज्ञ बाई अडून बसल्या म्हणे. "जिने आपल्याच फायद्याची चूक स्वतः दाखवली तिला बाद केलंत, तर उद्या वर्गात मुलांना काय तोंड दाखवणार?" हिने तर आधीच प्राचार्यांना सांगून ठेवलं होतं – पुन्हा घ्या माझा पाठ, नव्याने, खऱ्या सेकंदाने, आणि तक्रार करणाऱ्यांनाही समोर बसवा. वीस तारखेला. मशीनवर लंबू. मला हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही.

मी लंबूला म्हटलं, हे बघ, सुरू करायच्या आधी प्रोजेक्टर नीट लावून घे, आकडा हिच्या डाव्या हाताला येऊ दे, माइक फार जवळ नको, पाण्याचा ग्लास... त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धसकेराव. मी बटण दाबेन. बाकी त्या बघतील."

मला ते काही पटलं नाही. पण गप्प बसलो.

१९ मार्च, बुधवार

हिने मला एकदाही तालमीला बोलावलं नाही. आईसमोर घेतली, दार लावून. मी विचारलं, काही मदत? "हो," ही म्हणाली. "उद्या सकाळी मला 'शुभेच्छा' म्हणू नका. आणि तोंड धुऊन या कामावर."

सहा दिवसांत पहिल्यांदा चेष्टा केली. एवढ्यावर मी दिवस काढला.

पण 'प' आलाच तर? मी नसेन तर हिच्याकडे कोण बघेल?

२० मार्च, गुरुवार

नाव हिचंच लागलं. कायम.

सामानाची खोली हॉलला लागूनच, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. मी केबलींची भेंडोळी करत बसलो होतो आणि सगळं ऐकू येत होतं. प्रमाण, पृथ्वी, पठार, कागद, किलोमीटर. सहाच्या सहा स्लाइड. एकदाही अडली नाही. एकदाही! मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. बाहेर आलेल्या लंबूला म्हटलं, अरे, हे झालं कसं? तो माझ्याकडे बघतच राहिला. "वर्गात त्या अशाच बोलतात. माझी प्रयोगशाळा शेजारीच आहे ना. तुम्ही कधी ऐकलं नाहीत?"

नाही ऐकलं. नऊ वर्षांत मी हिच्या वर्गाच्या दाराशीही गेलो नाही, धीरच झाला नाही. म्हणजे ही अडते ती माझ्यापुढे.

संध्याकाळी ही घरी आली. मी दार उघडलं. म्हटलं, कसं झालं? "छ..." म्हणाली. "छ... छ..." शब्द माझ्या जिभेवर तयार होता. हिची नजर माझ्या तोंडावर. मी वळलो आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

"छान झालं," मागून आवाज आला. "तुम्ही दुपारी जेवलात का?"